आयरिश नावे: उच्चार, अर्थ आणि उगम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

किलियन मर्फीला २०२४ साली सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले, तेव्हा त्याचे नाव 'सिलियन' वाचायचे की 'किलियन', असा प्रश्न बऱ्याच जणांना पडला असेल. सर्शा रोनन या अभिनेत्रीच्या नावाचे स्पेलिंग पाहून तर माणूस वाचायचाच थांबतो. डब्लिनला नोकरीसाठी गेलेल्या मराठी माणसाला ऑफिसच्या पहिल्याच ईमेलमध्ये अशी पाच-सहा नावे भेटतात. एकदा का ती वाचता आली, की पुढचा प्रश्न येतो तो अर्थाचा, आणि मग ही नावे मुळात आली कुठून याचा.

आयरिश नावांचे स्पेलिंग आणि उच्चार यांचा काही संबंध असतो का?

असतो, आणि तो इंग्रजीपेक्षा जास्त नियमित आहे. अडचण एवढीच, की आपण ती नावे इंग्रजीच्या सवयीने वाचतो. आयरिश ही वेगळी भाषा आहे. तिने रोमन लिपी घेतली खरी, पण वापरली स्वतःच्या नियमांनी. जुन्या आयरिश वर्णमालेत अठराच अक्षरे होती. त्यात 'व्ही' नव्हते, 'के' नव्हते, 'वाय' नव्हते. मग 'व'चा उच्चार लिहायचा कसा? 'बी'पुढे किंवा 'एम'पुढे 'एच' लावून. 'एस'च्या शेजारी 'आय' किंवा 'ई' आले, की त्याचा 'श' होतो. 'सी' नेहमीच 'क', कधीही 'स' नाही, म्हणून किलियन. 'डी-एच' आणि 'जी-एच' शब्दाच्या मध्ये-शेवटी बहुतेक वेळा विरघळून जातात. 'ए-ओ' एकत्र आले, की साधारण 'ई' ऐकू येतो.

आता 'एस-आय-ओ-बी-एच-ए-एन' वाचून पाहा: शिवॉन. 'एन-आय-ए-एम-एच' म्हणजे नीव्ह. 'ए-ओ-आय-एफ-ई' म्हणजे ईफा. 'टी-ए-डी-एच-जी' म्हणजे टाइग, 'एस-ए-डी-एच-बी-एच' म्हणजे साइव्ह. आपल्याला देवनागरीत ही नावे सरळ लिहिता येतात, ही सोय इंग्रजी वाचणाऱ्यांना नाही.

स्वरांवर जी तिरकी रेघ असते ती गाळली तर चालते का?

तिला 'फाडा' म्हणतात. फाडा म्हणजेच 'लांब'. ती स्वर दीर्घ करते. ऱ्हस्व-दीर्घावरून लहानपणी शाळेत मार खाल्लेल्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. ती गाळली तर उच्चार बदलतो आणि कधीकधी शब्दच बदलतो. 'शॉन' या नावावरची रेघ काढली, की उरतो तो 'शॅन', म्हणजे 'म्हातारा' किंवा 'जुना'. संगणकाच्या बऱ्याच प्रणाली हे चिन्ह स्वीकारत नाहीत, त्यामुळे विमानाच्या तिकिटांवर असे 'म्हातारे' भरपूर फिरत असतात. हाताने लिहीत असाल किंवा ईमेल पाठवत असाल, तर समोरचा स्वतःचे नाव जसे लिहितो तसेच लिहावे.

अस्सल आयरिश नावे कोणती?

हा प्रश्न सर्वात जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर सर्वात जास्त निराश करते. शॉन, शेमस, पॅट्रिक, लिअम, शिवॉन, शिनेड. कुणालाही आयरिश नावे विचारली तर हीच सहा आधी येतात. यातले एकही मुळात आयरिश नाही.

शॉन म्हणजे जॉन. हिब्रूतून ग्रीक, ग्रीकमधून लॅटिन, त्यातून जुनी फ्रेंच असा प्रवास करत ते नॉर्मन (फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकलेल्या) सरदारांबरोबर आयर्लंडात उतरले. नॉर्मन ११६९ साली आले आणि येताना जेहान, विल्यम, जेराल्ड, एडमंड अशी नावांची मोठी खेप घेऊन आले. जेहानचे शॉन झाले, त्याच नावाच्या स्त्रीलिंगी रूपाचे शिवॉन, आणि लाडाच्या रूपाचे शिनेड. विल्यमचे उल्यम झाले आणि त्याचे शेपूट उरले ते लिअम. हे जर्मानिक मुळाचे शेपूट २०१७पासून सलग काही वर्षे अमेरिकेत मुलग्यांच्या नावांत पहिले होते, आणि ठेवणाऱ्यांपैकी कित्येकांनी ते 'आयरिश' म्हणून ठेवले. एडमंडचे एमन झाले, जेराल्डचे गरोड. शेमस म्हणजे जेम्स, म्हणजे मूळचा याकोब.

गंमत म्हणजे 'जॉन' हे नाव त्याआधीच एकदा येऊन गेले होते. ख्रिस्ती मठांतल्या लॅटिनमधून त्याचे 'ओइन' झाले होते. नॉर्मनांनी तेच नाव दुसऱ्या दाराने आणले. आज दोन्ही नावे सुखाने नांदतात.

नॉर्मनांच्या आधी व्हायकिंग, म्हणजे स्कँडिनेव्हियातले दर्यावर्दी, आले. त्यांच्या मॅग्नसचे मानस झाले, ओलाफचे औलीव्ह. 'लॉखलन' हे नाव तर त्यांच्या मायदेशाच्या आयरिश नावावरून पडले. व्यवहार एकतर्फी नव्हता. आइसलँडच्या लोकांनी नीलचे न्याल केले, कॉर्मक आपल्याकडे नेला आणि ब्रायनही.

तेव्हा 'अस्सल' म्हणजे 'तिथेच उगवलेले' असे धरले, तर ईफा, नीव्ह, ग्रॉन्या, मेव्ह, टाइग, कॉनर, डर्मट, किअन, रोनन, कीरन ही नावे घ्यावीत. पण आठशे वर्षे आयर्लंडच्या मातीत राहिलेल्या शॉनला परका म्हणायचे असेल, तर मग बोलणेच खुंटले.

पॅट्रिक तरी आयरिश असेल ना?

नाही. पाचव्या शतकातला हा संत रोमन ब्रिटनमधला. पोरवयात चाच्यांनी त्याला पकडून गुलाम म्हणून आयर्लंडला नेले. पुढे तो सुटला आणि धर्मोपदेशक होऊन परत आला. त्याचे नाव लॅटिन, 'पॅट्रिशियस', म्हणजे उमराव कुळातला. आयरिशमध्ये ते 'पॉड्रिग' झाले.

त्याहून नवलाची गोष्ट अशी, की पुढची कित्येक शतके आयरिश लोक मुलाचे नाव पॅट्रिक ठेवतच नव्हते. नाव फार पवित्र, ते साध्या माणसाला कसे द्यायचे? म्हणून ते 'मेल पॉड्रिग' किंवा 'गिला पॉड्रिग' म्हणत. 'मेल' म्हणजे डोके मुंडवलेला, अर्थात भक्त. 'गिला' म्हणजे सेवक. 'फिट्झपॅट्रिक' हे आडनाव या 'गिला पॉड्रिग'मधूनच निघाले. 'माल्कम'ही तसेच, कोलंबा या संताचा भक्त. आपल्याकडच्या रामदास, शिवदास, हरिदास या घडणीची ही नावे. मेरीच्या बाबतीत तर भाषेनेच सोवळे पाळले: येशूच्या आईसाठी 'म्विरा' हे रूप राखून ठेवले आणि घरातल्या मुलीबाळींसाठी 'मॉरा' वेगळे केले.

आपला कल अगदी उलटा. अजामिळाने मरताना मुलाला 'नारायणा' अशी हाक मारली आणि तेवढ्यावर तो तरला, ही गोष्ट ऐकत वाढलेला समाज देवाचे नाव राखून कशाला ठेवेल? उलट येता-जाता तोंडात यावे म्हणूनच ते पोराला देतो.

पॅट्रिक हे नाव घराघरांत पसरले ते सतराव्या शतकापासून. मग इतके पसरले, की इंग्लंडमध्ये कुठल्याही आयरिश माणसाला 'पॅडी' म्हणू लागले. हे संबोधन आजही अनेकांना झोंबते. मित्राने स्वतः पॅडी म्हणा असे सांगितल्याशिवाय ते वापरू नये.

ब्रिजिड देवी होती की संत?

दोन्ही, आणि कुठे एक संपते व दुसरी सुरू होते हे सांगणे अवघड. ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या आयर्लंडात ब्रिगिट ही देवी होती: कवींची, वैद्यांची, लोहारांची. नंतर त्याच नावाची संत किलडेअरला मठ स्थापन करते, आणि तिथे नंदादीपासारखा अखंड अग्नी तेवत असल्याचे बाराव्या शतकातला लेखक नोंदवून ठेवतो. तिचा सण १ फेब्रुवारीला, म्हणजे जुन्या आयरिश कालगणनेतल्या वसंताच्या पहिल्या दिवशी. २०२३पासून तिच्या नावाने आयर्लंडात सार्वजनिक सुट्टी असते.

हे नाव युरोपभर गेले. स्वीडनची बिर्गिटा ही तीच. पण एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या श्रीमंत घरांत घरकाम करणाऱ्या आयरिश मुलींना सरसकट 'ब्रिजेट' किंवा 'बिडी' म्हणू लागले आणि नावाला मोलकरणीचा वास लागला. मग बऱ्याच ब्रिजेट तिथे 'डीलिया' झाल्या. आयर्लंडात मात्र ते 'ब्रीड' या सुटसुटीत रूपात टिकले.

आयरिश नावांचे संस्कृतशी नाते आहे असे ऐकले. खरे आहे का?

खरे आहे. मात्र त्यावर रचले जाणारे इमले खोटे आहेत.

आयरिश ही केल्टिक भाषा. केल्टिक आणि संस्कृत या दोन्ही इंडो-युरोपीय कुळातल्या. त्यामुळे दोन्हीकडे काही शब्द एकाच पणजीकडून आलेले आहेत. नावांत ते अजून दिसतात. ब्रिजिडपासूनच सुरुवात करू. तिच्या नावाचे जुने रूप 'ब्रिगांती', म्हणजे उंच, थोर अशी ती. संस्कृतातली 'बृहती' हिची सख्खी बहीण. मेव्ह ही कॉनॉट प्रांताची कथेतली राणी, एका बैलासाठी अल्स्टर प्रांताशी युद्ध पुकारणारी. तिच्या नावाचा अर्थ 'झिंग आणणारी', आणि त्यातले मूळ तेच जे आपल्या 'मधु'त आहे. ओशीन या कथेतल्या नायकाची आई साइव्ह. तिच्या नावाचे नाते 'स्वादु'शी जोडले जाते.

एडन हे नाव घ्या. ते 'ए' या नावाचे लाडाचे रूप. 'ए' म्हणजे अग्नी, आणि हे नाव ज्या धातूपासून आले त्याच धातूपासून आपल्याकडे 'इंधन' आणि 'समिधा' आले. होमात टाकायची काडी आणि एडन नावाचे गोंडस पोर एकाच घराण्यातले आहेत, हे मला तरी फार आवडते.

कॉनर म्हणजे 'शिकारी कुत्र्यांचा लोभी'. त्यातला 'कू' म्हणजे कुत्रा, आपल्या 'श्वान'चा भाऊ. कुत्रा म्हटल्यावर नाक मुरडू नका. जुन्या आयर्लंडात ती शिवी नव्हती, योद्ध्याचे बिरुद होते. तिथला सर्वात मोठा वीर कुहुलिन. त्याचे मूळ नाव शेटांटा. कुलन नावाच्या लोहाराचा राखण करणारा कुत्रा त्याच्या हातून मारला गेला, तेव्हा दुसरा कुत्रा तयार होईपर्यंत मीच राखण करीन असे त्याने कबूल केले. म्हणून 'कुहुलिन', कुलनचा कुत्रा.

डारा म्हणजे ओक वृक्ष. 'देवदार'मधला 'दारु' त्याच मुळाचा. ब्रिजिडचे किलडेअर म्हणजे 'ओकचे चर्च', तिथेही तोच डारा. ओही या जुन्या राजनावात 'अश्व' आहे. आणि रूअरी, म्हणजे इंग्रजीत रोरी, हे तर जोडकाम आहे: 'रुआ' म्हणजे लाल, आपल्या 'रुधिर'शी संबंधित; 'री' म्हणजे राजा, आपल्या 'राजन्'शी संबंधित. लाल राजा. याच नावाचा रूअरी ओ'कॉनर हा नॉर्मन आले तेव्हा आयर्लंडचा महाराजा होता.

मग 'एरा' म्हणजे आयर्लंड हे 'आर्य'वरून आले का?

नाही. एकोणिसाव्या शतकात हे मत जोरात होते आणि आपल्याकडच्या काही लेखांत ते अजूनही फिरत असते. आजचे भाषाशास्त्रज्ञ 'एरा'चे मूळ 'पुष्ट, सुपीक भूमी' अशा अर्थाच्या शब्दात पाहतात, आणि त्याचे संस्कृत भावंड आहे 'पीवर' किंवा 'पीवरी', म्हणजे धष्टपुष्ट. नाते इथेही आहेच, फक्त अभिमान वाटेल असे नाही. आयरिश माणसे महाराष्ट्रातून गेली किंवा संस्कृतातून आयरिश निघाली, असे यातून काहीही सिद्ध होत नाही.

पुराणकथांतली नावे कोणती आणि त्यांच्या गोष्टी काय?

ओशीन म्हणजे 'छोटे हरीण'. त्याची आई साइव्ह हिला एका मांत्रिकाने हरिणी केले होते. हा ओशीन फिन या वीराचा मुलगा. पुढे समुद्रापलीकडून पांढऱ्या घोड्यावर बसून नीव्ह आली, केस सोनेरी, नावाचा अर्थच 'तेज'. ती त्याला चिरतारुण्याच्या देशात घेऊन गेली. तीन वर्षे झाली असे त्याला वाटले, इकडे तीनशे लोटली होती. घराची ओढ लागली तेव्हा तिने बजावले, घोड्यावरून उतरू नकोस. तो आला, खोगीर निसटले, पाय जमिनीला लागला आणि क्षणात जख्ख म्हातारा झाला. ब्रह्मलोकात घटकाभर थांबलेला ककुद्मी आणि त्याची मुलगी रेवती परत येतात तोवर इकडे युगे उलटून गेलेली असतात, ती बलरामाच्या लग्नाची कथा आठवल्याशिवाय राहत नाही.

ओशीनचा मुलगा ऑस्कर. होय, तोच ऑस्कर. नावात 'हरीण' आणि 'मित्र' हे दोन शब्द असावेत असे मानले जाते. १७६०च्या दशकात जेम्स मॅकफर्सन या स्कॉटिश लेखकाने ओशीनच्या नावावर काव्ये छापली. ती जुनी असल्याचा त्याचा दावा होता, बरीचशी त्याचीच होती. नेपोलियन त्या काव्यांचा भक्त. त्याच्या बर्नाडोट या सेनापतीला १७९९ साली मुलगा झाला, नेपोलियन त्याचा धर्मपिता, आणि नाव ठेवले ऑस्कर. पुढे बर्नाडोट स्वीडनचा राजा झाला आणि १८४४ साली त्याच्यामागून ऑस्कर गादीवर बसला. आयरिश कथेतले नाव स्कॉटिश बनवेगिरीतून फ्रेंच छावणीत आणि तिथून स्वीडनच्या सिंहासनावर. डब्लिनच्या ऑस्कर वाइल्डच्या पूर्ण नावात ऑस्करबरोबर 'फिंगल' आहे, तेही त्याच मॅकफर्सनी वाऱ्याचे.

ग्रॉन्याचे लग्न म्हाताऱ्या फिनशी ठरले होते; ती मेजवानीतूनच डर्मटबरोबर पळून गेली. रानोमाळ लपत फिरताना ती दोघे जिथे जिथे झोपली, अशी समजूत असलेल्या प्राचीन दगडी रचनांना आजही 'डर्मट-ग्रॉन्याची शेज' म्हणतात. सोळाव्या शतकातल्या ग्रॉन्या नी व्हॉल्या या दर्यावर्दी सरदारणीमुळे नावाला आणखी वजन आले. ती १५९३ साली थेट राणी एलिझाबेथला जाऊन भेटली होती.

डिअर्द्रा म्हणजे 'दुःखी' का?

तिच्या गोष्टीवरून तसे म्हणतात. ती जन्मण्याआधीच भविष्य सांगितले गेले, की हिच्यापायी अल्स्टरमध्ये रक्त सांडेल. राजा कॉनरने तिला स्वतःसाठी दडवून वाढवले, ती नीशा नावाच्या तरुणाबरोबर स्कॉटलंडला पळाली, राजाने अभय देऊन परत बोलावले आणि दगा करून नीशाला मारले. एवढे झाल्यावर नावाला 'दुःखी' हा अर्थ चिकटणारच. शब्दाच्या मुळात तो आहे असे मात्र नव्हे.

म्हणजे इंटरनेटवरच्या अर्थांच्या याद्यांवर विश्वास ठेवू नये?

जपून ठेवावा. प्रत्येक नावाला 'सुंदर', 'शूर', 'उदात्त' यांपैकी एक अर्थ असेल, तर ती यादी विकण्यासाठी केलेली आहे. खऱ्या नावांचे अर्थ तितके गोड नसतात. कीरन म्हणजे 'छोटा काळू'. केनेडीतला 'केन' म्हणजे डोके. पुढच्या भागाचा अर्थ काही जण 'शिरस्त्राण' लावतात, काही जण सरळ 'कुरूप'. रोनन म्हणजे 'छोटा सील', तो समुद्री प्राणी. आयरिश किनाऱ्यावर सीलची कातडी उतरवून माणूस होणाऱ्यांच्या कथा आहेत, त्या ऐकल्यावर हे नाव एकदम वेगळे वाटू लागते. ब्रायनचा अर्थ बहुधा 'उंच' किंवा 'टेकडी'शी जोडतात, पण नाव चालले ते अर्थामुळे नव्हे. ते ब्रायन बोरू या राजामुळे चालले. तो १०१४ साली क्लॉन्टार्फच्या लढाईत पडला.

अर्थाऐवजी तीन गोष्टी पाहाव्यात असे माझे मत: नाव कोणत्या भाषेतून आले, ते आधी कुणाचे होते, आणि आज आयर्लंडात ते कोण ठेवते.

टाइगचे टिमथी कसे झाले?

सत्तेमुळे. १३६६ सालच्या किलकेनीच्या कायद्यांनी आयर्लंडमधल्या इंग्रजांना इंग्रजी नावेच ठेवा असे बजावले होते, कारण ते भराभर आयरिश होत चालले होते. पुढे जमीन, न्यायालय, सैन्य आणि १८३१नंतर सरकारी शाळा, सगळे इंग्रजीत. मग नोंदवहीत शिरताना प्रत्येक आयरिश नावाला जवळपासचे एखादे इंग्रजी नाव चिकटवले जाई. टाइग म्हणजे कवी. त्याचा टिमथी झाला, केवळ 'ट'वरून. डर्मटचा जेरेमाया, कॉनरचा कॉर्नेलियस, डोनाचा डेनिस, ग्रॉन्याची ग्रेस, सोराखाची सारा. गोबनत या संतिणीच्या नावाची चक्क ॲबिगेल. घरात एक नाव आणि कागदावर दुसरे, असे दोन-तीन पिढ्या चालले.

१८९३ साली गेलिक लीग ही भाषाचळवळ सुरू झाली आणि वारे फिरले. १९११च्या जनगणनेत काही कुटुंबांनी अर्जच आयरिशमध्ये भरले. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला, बाप्तिस्म्यात एडवर्ड असलेला मुलगा पुढे एमन डी व्हॅलेरा म्हणून आयर्लंडचा सर्वोच्च नेता झाला. नाटककार शॉन ओ'केसी जन्माने जॉन केसी. 'सर्शा' म्हणजे स्वातंत्र्य. हे नाव म्हणून वापरात आले ते याच स्वातंत्र्यलढ्यानंतर, विसाव्या शतकात. संतांच्या यादीत किंवा जुन्या कथांत ते सापडणार नाही.

कोलीन, एरिन, केली, केटलिन ही आयरिश नावे आहेत ना?

ती आयरिश-अमेरिकन आहेत. 'कोलीन' म्हणजे आयरिशमध्ये नुसते 'मुलगी'; आपल्याकडे कुणी पोरीचे नावच 'पोरगी' ठेवावे तसे. 'एरिन' हे देशाच्या नावाचे विभक्तीतले रूप. केली, रायली, क्विन ही आडनावे. केटलिनची कथा वेगळी: आयरिश स्पेलिंगचा उच्चार 'कॉचलीन'सारखा होतो, त्यावरून इंग्रजीत कॅथलीन आले. अमेरिकेत तेच स्पेलिंग डोळ्यांनी वाचले गेले आणि 'केट-लिन' हे नवेच नाव जन्माला आले. फियोनाही आयर्लंडची नाही, स्कॉटलंडच्या लेखकांच्या लेखणीतून आलेली.

हेमिश आणि शेमस एकच का?

एकच. आयरिश आणि स्कॉटिश गेलिकमध्ये हाक मारताना नावाचे रूप बदलते, जसे आपण 'सीते', 'राधे' म्हणतो. तिथे बदल नावाच्या सुरुवातीलाही होतो, 'श'चा 'ह' होतो. स्कॉटलंडमधल्या कुणी ती हाक ऐकली आणि तेच नाव समजले.

आज आयर्लंडात कोणती नावे चालतात?

मुलग्यांत 'जॅक'. २००७पासून बरीच वर्षे, २०१६चा अपवाद सोडता, केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या यादीत तोच पहिला होता. मुलींत २०२१ साली 'फीआ' पहिली आली. अर्थ 'रानटी' किंवा 'हरीण'. पन्नास वर्षांपूर्वी हे नाव कुणी ठेवत नव्हते. रियान, किलियन, ओशीन, टाइग, ईफा, सेडी, ग्रेस असे मिश्रण असते.

आडनावातले 'ओ' आणि 'मॅक' म्हणजे काय?

'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज, 'मॅक' म्हणजे मुलगा. मुलीच्या आडनावात 'ओ'चे 'नी' होते आणि 'मॅक'चे 'निक'. इंग्रजीत हा फरक पुसला गेला.

आपली आडनावे गावावरून, त्यांची पूर्वजावरून. आपली पद्धत आयर्लंडात पाहायची तर लिओ वराडकर. वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. आई वॉटरफर्ड परगण्यातली. २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ ते आयर्लंडचे पंतप्रधान होते. त्यांचे पहिले नाव ना मराठी ना आयरिश: 'लिओ' लॅटिन, अर्थ सिंह.

आम्ही आयर्लंडात राहतो. दोन्हीकडे चालेल असे नाव सुचवाल का?

'तारा' सर्वात सोयीचे. तिकडे ते मीथ परगण्यातल्या टेकडीचे नाव, जुन्या महाराजांचे अभिषेकस्थान. 'नील' उत्तम, त्यांचा नील वेगळ्या मुळाचा, पण कानाला तोच. 'शीला' तिथे कधीच रुळलेली आहे. त्यांच्याकडे ती सिसिलिया या लॅटिन नावावरून आली. त्या लॅटिन नावात 'आंधळी' हा अर्थ दडलेला आहे, पण तो कुणाला आठवतही नाही. नव्या पिढीत 'आन्या' ठेवायचे असेल तर त्यांची ऑन्या ही लिमरिक परगण्यातली तेजाची देवी, कानाला जवळची.

'किरण' ठेवताना एक लक्षात असू द्या. तिथे तो 'कीरन' ऐकू येईल, म्हणजे मुलगाच समजतील, आणि अर्थ होईल थेट उलटा: आपला प्रकाशाचा, त्यांचा काळोखा. 'निशा' ऐकूनही क्वचित कुणी थबकेल, कारण डिअर्द्राचा नीशा पुरुष होता. जन्माची नोंद तीन महिन्यांत करावी लागते, तेव्हा बारसे त्याआधी उरकलेले बरे. फाडा हवा असेल तर अर्जातच घाला.

नाव कसे उच्चारायचे तेच कळत नसेल तर?

सरळ विचारा. आयरिश लोकांनाही एकमेकांना विचारावे लागते. एकच स्पेलिंग उत्तरेत 'कीव्हा' आणि दक्षिणेत 'क्वीव्हा' होते, सर्शाची कुठे सीर्शा होते, आणि दोघी आपापल्या जागी बरोबर असतात.